गळ्यापर्यंत ओढलेली चेन

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक आहे, शेजाऱ्यांना ठाऊक आहे, माझ्या दोनशे-तीनशे विद्यार्थ्यांना तर तोंडपाठ असेल — कारण ती मीच सहा वर्षं सांगत सुटलोय. पण तिच्यातला एक तुकडा मी दर वेळी गिळतो. एका माणसालाही तो कधी दाखवला नाही. गिळायची आता इतकी सवय झालीय, की सांगताना जीभ अडखळतसुद्धा नाही. आज तो तुमच्यासमोर ओकायचा आहे. शब्द घाण वाटला? मला दुसरा सापडला नाही.

मी जळगावात अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. पोट त्यावर चालतं. पण लोक मला ओळखतात ते वेगळ्याच कारणाने. डोंगर भटकणाऱ्यांचा आमचा एक गट आहे आणि दर वर्षी दिवाळी आटोपली की एका रविवारी मी त्यांच्यासमोर उभा राहतो: थंडीत पाठीवर बॅग टाकून डोंगरात जायचं तर अंगावर काय घालायचं. जळगावकराला थंडीतलं काय कळतं? आमची हयात उन्हापासून डोकं झाकण्यात जाते. स्वेटर पेटीतून बाहेर निघतो तो पंधरा दिवस हवा खाऊन परत पेटीत. त्यामुळे थंडीबद्दल कुणी आत्मविश्वासाने चार वाक्यं बोलला, की माणसं वहीत लिहून घेतात. माझं तेच झालं. मला 'थरवाले सर' म्हणतात. नाव मला आवडायचं — खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

थर तीन. अंगालगतचा थर घाम ओढून घेऊन पटकन वाळणारा हवा. मधला थर ऊब धरणारा — फ्लीस, लोकर, असं काही. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. चढताना मधला काढायचा, थांबलात की लगेच चढवायचा, आणि मुक्कामाला पोचल्याबरोबर घामेजलेला आतला कपडा बदलायचा. मग मी थोडा थांबतो आणि म्हणतो, "ऊब कपड्यात नसते. कपड्यात अडकलेल्या हवेत असते." माना डोलतात. आणि मग शेवटचा नियम: कापूस घरी ठेवा. कापूस घाम पितो, ओला राहतो, अंगातली ऊब शोषून घेतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखात उभं राहून कापसालाच नावं ठेवायची, यात एक मजा असते. इथे हमखास हशा येतो. आणि हशा आला, की मी बापूची गोष्ट सुरू करतो.

बापू माझा मावसभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, चोपड्याजवळच्या खेड्यात राहतो, केळी आणि कापूस करतो. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडे असायचो. पोहायला त्यानेच शिकवलं, विहिरीतून मला दोनदा वर ओढून काढलं तेही त्यानेच. सहा वर्षांपूर्वी जानेवारीत आमचा गट सातपुड्यात दोन दिवसांसाठी निघाला होता. बापू म्हणाला, मी पण येतो. आयुष्य डोंगराच्या पायथ्याशी गेलं, वर मुक्काम कधी केला नाही. मी हो म्हटलं. मला बरं वाटलं होतं — गावाकडच्या भावाला आपला रुबाब दिसेल, हे त्यातलं खरं कारण होतं.

निघायच्या सकाळी माझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या बॅगा तपासायच्या, हा माझाच शिरस्ता. पाइपला वजनकाटा टांगायचा आणि एकेक बॅग अडकवायची. नऊ किलोच्या वर गेली की सामान बाहेर. पहिली बॅग माझी असते, उदाहरण म्हणून. त्या दिवशी माझी भरली साडेसहा किलो. बाराच्या बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. साडेसहा का भरली माहीत आहे? त्या टाळ्यांसाठी मी पहाटे माझी जाड फ्लीस बॅगेतून काढून कपाटात ठेवली होती. म्हणजे ज्या मधल्या थरावर मी अर्धा तास बोलतो, तोच थर माझ्याकडे नव्हता. आहे की नाही गंमत?

बापूची बॅग अकराच्या वर गेली. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या भाकरी, ठेच्याचा डबा, आणि सगळ्यात वर एका कापडी पिशवीत घडी घातलेली बंडी. कापूस भरलेली, बिनबाह्यांची, समोर चार बंद. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात पूजा करतात तेव्हाचा कापूस मावशी विकू देत नाही, घरातल्या माणसांसाठी ठेवते. तो पिंजून आणून तिने ती शिवली होती. मी ती बंडी दोन बोटांनी वर धरली. सगळ्यांना दिसेल अशी. "बघा," म्हटलं, "मी काय सांगत होतो?"

बापू रागावला नाही. त्याने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीचं फुगीर जाकीट बोटाने दाबून पाहिलं आणि सरळ विचारलं, "शरद, मंग ह्या जाकीटमा काय भरेल ऱ्हास? हाई बी फुगेलच शे ना?"

सगळे हसले. या वेळी माझ्यावर.

या जाकिटातही काहीतरी भरलेलंच असतं ना, हा प्रश्न बरोबर होता. बरोबर होता इतकंच नाही, तो माझ्याच वाक्याने बरोबर होता — ऊब अडकलेल्या हवेत असते. पिंजलेला, कोरडा कापूस म्हणजे दुसरं काय? घाम येईल तेव्हा घालू नकोस, वर पोचून अंग पुसलंस की घाल, वर विंडचीटर चढव. एवढंच सांगायचं होतं. मी फिजिक्स शिकवतो. मला ते तिथल्या तिथे, त्याच क्षणी कळलं होतं. मी म्हणालो, "बापू, आपण डोंगरात चाललोय, वखर हाकायला नाही." पुन्हा हशा, आता योग्य माणसावर. त्याचा चेहरा उतरला — किंचितच. मग त्याने बंडीची घडी नीट घातली आणि म्हणाला, गाडीत राहू दे, येताना घालीन.

मग वर काय घालू, हेही त्याने विचारलं. मी म्हणालो, माझ्याकडे जास्तीची फ्लीस आहे, वर गेल्यावर देतो. फ्लीस कपाटात होती. घर दोन मजले वर होतं. जाऊन आणायला किती वेळ लागला असता? पण मग माझी साडेसहाची बॅग साडेसहाची राहिली नसती. मी गेलो नाही. हे वाक्य लिहिताना मला स्वतःच्या हाताचा वीट येतोय.

इथपर्यंतचं बरंचसं, फ्लीस आणि गाडीत राहिलेली बंडी सोडून, मी व्याख्यानात सांगतो. पुढचं ऐका.

पायथ्याच्या गावात गाडी लावली. ड्रायव्हर तिथल्या नातेवाइकांकडे गेला आणि चावी माझ्याकडे देऊन गेला. डोंगरावर ढग उतरले होते, मावठ्याची हवा होती, वारा अंगात शिरत होता. आणि मला भीती वाटली. साधी, उघडीनागडी भीती — आपल्याला थंडी वाजेल ही. थरवाले सर सगळ्यांसमोर कुडकुडतील, ही त्याहून मोठी. सगळे पुढे निघाल्यावर मी "काचा नीट लागल्यात का बघून येतो" असं सांगून मागे फिरलो. सीटखालची कापडी पिशवी ओढली, बंडी काढली, माझ्या बॅगेत तळाशी दाबली आणि काचा नीट लावून परत आलो.

वर पोचेपर्यंत चार वाजले. बापूने निम्म्या वाटेपासून गटाचा पाण्याचा कॅन स्वतःच्या खांद्यावर घेतला होता, कुणी न सांगता. अंगात साधा सुती शर्ट, तो पिळून काढावा इतका भिजलेला. वर पठारावर वारा मोकाट होता आणि बारीक पाऊस सुरू झाला. तंबू लावताना मला दिसत होतं की बापूने कपडे बदललेले नाहीत. बाकी सगळ्यांना मी ओरडून बदलायला लावलं होतं, त्याला नाही. का? त्याने फ्लीस मागितली असती. म्हणून मी त्याच्याजवळ गेलोच नाही. मी एका तंबूत शिरलो, अंग पुसलं, बंडी घातली, चारी बंद बांधले, वर विंडचीटर घातला आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

सांगू? फार ऊबदार होती. इतकी, की क्षणभर मी डोळे मिटून बसलो.

पाचच्या सुमारास बापू एका दगडाला टेकून बसला होता. आधी त्याचे दात वाजत होते, पोरांनी थट्टाही केली. मग दात वाजायचे थांबले. तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "लाईट उनी का? मोटर चालू करनी शे." कुणीतरी हसलं. मी हसलो नाही. थंडीत माणूस कुडकुडायचा थांबला आणि असंबद्ध बोलायला लागला की काय समजायचं, हे त्या पठारावर दोघांनाच माहीत होतं — मला आणि कल्पनाताईंना. कल्पनाताई आमच्या गटातल्या सिस्टर, एका दवाखान्यात वीस वर्षं काम केलेल्या. मी जागेवरून हललो नाही. त्या धावल्या.

त्यांनी त्याचा ओला शर्ट फाडल्यासारखा काढला, त्याला तंबूत नेलं, दोन जणांना अंगाला अंग लावून बसवलं, गुळाचं पाणी उकळायला लावलं. मग बाहेर येऊन सगळ्यांना म्हणाल्या, "ज्याच्या अंगावर कोरडं आणि जाड काही असेल ते काढा. आत्ता. छातीला ऊब पाहिजे त्याच्या." लोकांनी काढलं. एका पोराने स्वतःचा स्वेटर काढला आणि स्वतः कुडकुडत उभा राहिला. त्या मुलीने फुगीर जाकीट दिलं, ते बापूच्या खांद्यात शिरेना. स्वेटर छातीवर बसेना. बापू अंगाने आडवा आहे. त्याच्या मापाचं, त्याच्या छातीचं, त्याच्याच आईने शिवलेलं — तसं एकच होतं त्या डोंगरावर.

कल्पनाताई माझ्याकडे वळल्या. "सर, तुमच्याकडे आत काय आहे?"

आणि मी — चेनीवर हात ठेवून — म्हणालो, "आत फक्त टी-शर्ट आहे, ताई."

हाच तो तुकडा.

त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? बॅग साडेसहाची भरलेली त्यांनी पाहिली होती. मी त्या वेळी चेन खाली ओढली असती तर काय झालं असतं? बाराजणांना दिसलं असतं, की ज्या बंडीची मी सकाळी टर उडवली ती मी चोरून घातलीय. बस्, एवढंच. एका बाजूला हे होतं आणि दुसऱ्या बाजूला मला विहिरीतून वर ओढणारा माणूस लाईट आली का म्हणून विचारत होता. मी दोन्ही बाजू पाहिल्या. घाईत, गोंधळात झालं असं म्हणायची सोय नाही. मी विचार करून निवडलं.

पुढची घाण ऐका. पाण्यासाठी पेटवलेल्या चुलीजवळ मला बसवलं, कारण मी गटप्रमुख, लाकडं माझ्याकडे. पाठीला वारा, समोर जाळ, आत बंडी, आणि चेन खाली करायची चोरी. मला घाम फुटला. पंधरा हातांवर तंबूत बापूचे हातपाय चोळत होते आणि मी घामाने निथळत होतो. पाठीवरून धार वाहत होती, काखा भिजल्या होत्या, बंडी तो सगळा घाम पीत होती. कापूस घाम पितो — वहीत लिहून घ्या. कुणीतरी म्हणालं, सर, तुम्ही किती शांत आहात. मी म्हणालो, अनुभव आहे.

बापू वाचला. त्यात माझा काडीचा वाटा नाही. कल्पनाताई आणि ती दोन पोरं रात्रभर त्याला धरून होती. सकाळी त्याने चहा मागितला तेव्हा ताई रडल्या. मी सगळ्यांना गोळा करून सुती शर्टाचे धोके समजावून सांगितले. हो. सकाळी सात वाजता. तो समोर बसलेला असताना.

उतरताना मी पुढे पळालो, वाट बघतो म्हणून. गाडी उघडली, बंडी उतरवली, घडी घातली, पिशवीत भरली, सीटखाली सारली. वाळवायला वेळ नव्हता. सगळे पोचले. बापू दोघांच्या आधाराने चालत आला, सीटवर बसला आणि पहिलं काय म्हणाला असेल? "मनी मायनी बंडी दे रे, शरद."

मी दिली. माझ्या हाताने दिली.

त्याने ती घातली आणि त्याचा हात काखेपाशी थांबला. त्याने बोटं बाहेर काढून पाहिली. मग नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण काचेत मला त्याचा चेहरा दिसत होता. शेजारच्या पोराने विचारलं, काय झालं बापूभाऊ, ओली झाली का?  बापू चारी बंद एकेक करून बांधत म्हणाला, "हां. दव पडना व्हई."

बंद गाडीत. काचा लावलेल्या. मीच नीट बघून आलो होतो ना!

माझं ओलं, आंबूस, घाणेरडं त्याने अंगावर बांधून घेतलं आणि चोपड्यापर्यंत काढलं नाही. त्याने चार लोकांत मला कानफटवलं असतं तर बरं झालं असतं, असं मी बरेचदा मनाशी म्हणतो. तेही खोटंच आहे. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, दुसरं काही नाही.

तो पुन्हा कधी आमच्याबरोबर आला नाही. लग्नकार्यात भेटतो, जेव म्हणतो, केळीचा घड गाडीत ठेवतो. आणि मी? मी त्याच वर्षी दिवाळीनंतर व्याख्यानात गोष्ट रचली. एक शेतकरी भाऊ, एक कापसाची बंडी, सांगूनही न ऐकलेला सल्ला, आणि मरता मरता वाचलेला माणूस. माझ्या गोष्टीत बंडी त्याच्या अंगावरच असते. घामाने भिजलेली. तीच त्याला गारठवते. 'लाईट उनी का' हे मी त्याच्या आवाजात म्हणून दाखवतो. तिथे लोक खूप हसतात. कल्पनाताई पहिल्या वर्षी समोर बसल्या होत्या. मध्येच उठून गेल्या, आणि नंतर कधी आल्या नाहीत.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यात घाण.

त्या व्याख्यानानंतर महिन्याभराने बापू जळगावला आला होता, केळीच्या कामाने. घरी आला, चहा घेतला आणि पिशवीतून एक नवी बंडी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. "मायले सांगं मी, तुले बंडी भलती आवडनी. तिनी तुन्यासाठी शिवी." बोलताना तो हसत नव्हता, रागातही नव्हता. त्या वर्षीच्या पहिल्या वेचणीचा कापूस. माझ्या मापाची. मावशीला लिहिता येत नाही, सुनेने पेनाने काढून दिलं असणार; गळ्याच्या आतल्या बाजूला तिने लाल दोऱ्याने माझं नाव भरलंय. 'शरद'. र जरा तिरका झालाय. घरातल्या माणसांसाठी ठेवलेला कापूस तिने मला दिला, आणि का दिला हे तिला ठाऊक नाही. बापूला ठाऊक आहे. त्याने तिला सांगितलेलं नाही.

मी ती एकदाही अंगात घातलेली नाही. पण ती कपाटात पडून असते, असं समजू नका. मी ती व्याख्यानाला घेऊन जातो. गोष्टीच्या शेवटी दोन बोटांनी वर धरतो आणि म्हणतो, "हीच ती बंडी." पाच वर्षं.

या रविवारी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी ती हातात मागितली. कापूस दाबून बघत म्हणाल्या, "सर, पण ही तर किती ऊबदार आहे हो." त्यांची बोटं गळ्याकडे सरकली तशी मी बंडी काढून घेतली, ओढलीच म्हणा ना. मग नेहमीसारखा गळा आत दुमडला, लाल दोरा दिसणार नाही असा, आणि ती पुन्हा वर धरली. लोक हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो.